इनासभाऊंची टीम

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. दुबईत जबल अलीतल्या आमच्या कंपनीतून इनास लोपीस यांना काढणार आहेत, हे मला त्यांच्या कितीतरी आधी माहीत होतं. त्यांनी मला ते सरळ विचारलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. त्या ‘नाही’वर विसंबून त्यांनी चालून आलेली दुसरी नोकरी सोडली. झालं ते एवढंच. सांगायला दोन मिनिटं लागतात. मला काही वर्षं लागली.

आता सांगायला बसलोच आहे तर नुसती माझी चूक सांगून भागणार नाही. इनासभाऊ कोण होते तेही सांगायला हवं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल की एक साधा, भोळा माणूस होता आणि त्याला कोणी फसवलं. भोळे ते मुळीच नव्हते. हट्टी होते, बडबडे होते, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. वसईचा हा माणूस, आयुष्य दुबईत काढलं, आणि मतं पक्की होती ती फक्त एकाच विषयावर: अमेरिकेतल्या एका बंदरगावाची बेसबॉलची टीम, आणि तिचा मालक.

आम्ही दोघं डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायचो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. मी एचआरमध्ये, ते वेअरहाऊस सुपरवायझर. कंपनीची बस सकाळी सहाच्या सुमाराला आम्हाला उचलायची, मग लेबर कॅम्पवरून फिरून, ट्रकांच्या रांगेत थांबत थांबत पोर्टाकडे जायची. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथलं ते बंदरगाव, तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते आणि मॅच नुकती सुरू झालेली असते. हा योगायोग इनासभाऊ देवाने मुद्दाम घडवलाय असं मानायचे. डाव्या बाजूची तिसरी सीट त्यांची. मोबाईलला वायरवाला इअरफोन, एक टोक त्यांच्या कानात, दुसरं बाजूला बसेल त्याच्यासाठी. त्याला हवं असो वा नसो.

नोकरीला लागलो त्या पहिल्या सकाळी त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. का रिकामी होती ते मला ठाऊक नव्हतं.

“मराठी का?” त्यांनी विचारलं.

“हो. डोंबिवली.”

“मग हे धर.” आणि वायरचं टोक माझ्या कानापाशी आलं. आत एक अमेरिकन माणूस अगदी सावकाश, अंगणात खाट टाकून गप्पा मारल्यासारखा बोलत होता. बराच वेळ काहीच घडलं नाही. मी विचारलं, “स्कोअर काय?”

“झिरो झिरो.”

“कधी सुरू झाली?”

“घाई आहे का तुला? बस कुठे पोचलीय अजून?”

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ समजावून सांगायची त्यांची एक पद्धत होती. “क्रिकेट म्हणजे लग्न. बँड, जेवणावळ, फोटो, खलास. बेसबॉल म्हणजे संसार. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज मॅच. काल मार खाल्लास? आज परत उभा राहा. उत्तम बॅट्समनसुद्धा इथे दहातून सात वेळा हात हलवत परत जातो, आणि तरी त्याला लोक ग्रेट म्हणतात. असा दुसरा धंदा दाखव मला.” मग थोडं थांबून, “आपल्या कंपनीत सातदा चुकून बघ.”

बस खानसाहब चालवायचे. पेशावरकडचे, मेंदी लावलेली दाढी. इनासभाऊ उतरताना त्यांचा रोजचा संवाद ठरलेला.

“क्या हुआ लोपीसभाई, जीता?”

“अभी चालू है. पर हारेंगे.”

“कैसे मालूम?”

“पिचर बेच दिया ना मालिक ने. बॉल कौन डालेगा, आप?”

“तो टीम बदल लो हबीबी.”

यावर इनासभाऊ त्यांच्याकडे असे बघायचे, की जणू खानसाहबांनी त्यांना चर्च बदलायला सांगितलंय. मग पायऱ्या उतरून, कानात एक वायर तशीच ठेवून, वेअरहाऊसकडे चालू पडायचे. शेवटच्या इनिंगा चहाच्या सुट्टीपर्यंत चालायच्या. हातातलं काम थांबायचं नाही, पण मॅच हरली की त्या दिवशी फोर्कलिफ्टवाल्यांना त्यांच्याशी बोलायला भीती वाटायची. आणि मॅच बहुतेक वेळा हरलेलीच असायची.

ही टीम त्यांच्या गळ्यात पडली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. तरुणपणी ते बोटींना अंडी, भाजी, बर्फ पुरवणाऱ्या एका कंपनीत होते. एकदा एका अमेरिकन मालवाहू जहाजाच्या स्टोअरकीपरशी त्यांची मैत्री झाली. जहाज दुरुस्तीसाठी अडकलं होतं, माणूस कंटाळलेला होता, आणि इनासभाऊंना ऐकून घेणारा माणूस मिळाला की ते वेळ विसरायचे. मात्र या एकाच वेळी त्यांनी दुसऱ्याचं ऐकून घेतलं. तो त्या बंदरगावाचा. जाताना त्याने आपली टोपी यांच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, मी समुद्रावर असतो, मला स्कोअर कळत नाही, तू लक्ष ठेव.

“आणि तुम्ही ठेवलंत? इतकी वर्षं?” मी विचारलं होतं.

“अरे, त्याने परत येऊन विचारलं तर?”

तो परत आला नाही. टोपी मूळची हिरवी होती म्हणतात. मी पाहिली तेव्हा ती भिजत घातलेल्या चिंचेच्या रंगाची झाली होती. फिलोमिनावहिनींनी ती एकदा धुवायला घेतली तर यांनी बाथरूमच्या दारात उभं राहून ती परत मिळवली. वहिनी अगदी मोजकं बोलायच्या, पण नेमक्या जागी. मॅच बघायचं वर्गणीचं ॲप इनासभाऊंनी घेतलं तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, “किती दिरहम ते यांनी सांगितलं. रुपयांत सांगू नका म्हटलं. हरण्यासाठी एवढे रुपये भरणारा माणूस आपल्या घरात आहे हे मला कळायला नको.”

त्यांची भाकितं नेहमी चुकायची, हे सांगायला हवं. एप्रिलमध्ये ‘या वर्षी नक्की’, आणि जून उजाडला की ‘पुढच्या वर्षी बघ’. एका नव्या पोराला त्यांनी अख्खा सीझन कामचुकार म्हणून झोडपला. तो दुसऱ्या टीममध्ये गेला आणि मोठा खेळाडू झाला. मी आठवण करून दिली तर शांतपणे म्हणाले, “मी असं बोललोच नाही. तू कानात वायर नीट घालत नाहीस.”

पण एका बाबतीत ते चुकले नाहीत. मालक.

मालकाबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. खेळाडूंवर ते ओरडायचे, मालकावर कधीच नाही. तो माणूस त्यांनी फोटोतच पाहिलेला. बापाकडून पैसा आलेला, टीम विकत घेतली, आणि मग दरवर्षी तेच: पोरं तयार करायची, चांगली खेळायला लागली की श्रीमंत टीमला विकायची. लोकांना सांगायचं की ही रीबिल्डिंग आहे, भविष्यासाठी आहे. “रीबिल्डिंग,” इनासभाऊ म्हणायचे. “घर पाडायचं, विटा विकायच्या, आणि प्लॉटवर बोर्ड लावायचा की इथे सुंदर घर होणार. वीस वर्षं बोर्डच बघतोय मी.”

मालक मनाने टीम सोडून गेलाय हे ओळखायचं कसं, याचं त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. “विकत घेतले-विकले ते खेळाडू बघू नकोस. ते सगळेच करतात. स्टेडियमचे संडास बघ. वरच्या मजल्यावरचे खाण्याचे स्टॉल बंद आहेत का बघ. वीस वर्षांचा जुना गेटमन दिसत नाहीये का बघ. दिवे गेले की नवे लावतात का, की तेवढी रांग अंधारातच ठेवतात. माणूस घर सोडणार असेल ना, तर आधी बल्ब बदलायचं थांबवतो.”

मी विचारलं, “तुम्हाला इथे बसून संडास कसे दिसतात?”

“तिथले लोक फोटो टाकतात. मी रोज बघतो.” हे ते अजिबात न लाजता म्हणाले.

एका वर्षी मात्र टीम खरंच जिंकायला लागली. मे गेला, जून गेला, तरी जिंकतायत. इनासभाऊ बसमध्ये सगळ्यांना खजूर वाटायला लागले. कधी नव्हे ते मीही स्वतःहून वायर मागून घ्यायचो. एक डावखुरा पिचर होता, शांत, फळं विकणाऱ्या माणसासारख्या चेहऱ्याचा. तो चेंडू टाकायला आला की इनासभाऊ डोळे मिटून ऐकायचे. बेसबॉलमध्ये जुलैच्या शेवटाला एक तारीख असते, त्यानंतर त्या सीझनपुरती खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ‘ट्रेड’, बंद. मालकाने त्या तारखेच्या आदल्या दिवशी तो पिचर विकला. जिंकत असताना.

त्या दिवशी ते कामावर आले, पण कानात वायर नव्हती. दुपारी माझ्या टेबलाशी आले. हातात फोन. “इंग्लिश बघ जरा.”

त्यांनी मालकाला ईमेल लिहिला होता. सुरुवात अशी: रिस्पेक्टेड सर, विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट युवर गुड सेल्फ हॅज सोल्ड अवर पिचर.

मला हसू आलं. ते हसले नाहीत. “चुकलंय का काही?”

“नाही भाऊ. बरोबर आहे.”

“मग पाठवतो.”

आठवड्याने उत्तर आलं. तुमच्या उत्साहाबद्दल आभार, पुढच्या शनिवारच्या मॅचला कुटुंबासह आलात तर तिकिटावर सूट. जवळचा पार्किंगचा गेट कोणता तेही लिहिलं होतं. ते उत्तर त्यांनी बसमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, खानसाहबांसाठी हिंदीत. खानसाहब म्हणाले, “चलो, यल्ला, बस घुमाऊं क्या?” अख्खी बस हसली. इनासभाऊही हसले, आणि मग खिडकीबाहेर बघत कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “माणूस वाईट नसेल रे. त्याला आम्ही दिसतच नाही.”

आता माझ्या भागाकडे येतो.

त्यानंतरच्या वर्षी आमच्या कंपनीचे मोठे मालक आजारी पडले आणि कारभार धाकट्या मालकांकडे आला. बोलायला गोड, नेहमी घाईत. पॅन्ट्रीतला चहा करणारा माणूस गेला, मशीन आलं. दोन फोर्कलिफ्ट सर्व्हिसिंगला म्हणून गेल्या त्या आल्याच नाहीत. बसचा एसी बिघडला आणि बिघडलेलाच राहिला. मेमधला एसी नसलेला प्रवास म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. इनासभाऊ टोपीने वारा घेत म्हणाले, “एसी कंपनीचा गेलाय, मालकाचा नाही.”

त्याच महिन्यात धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कंपनी विकायचं ठरलं होतं. घेणाऱ्यांना वेअरहाऊस हवं होतं, त्यातली माणसं नको होती. त्यांची त्यांची माणसं होती. ऑगस्टमध्ये ते येऊन सगळा माल तपासणार, मग करार. “तोपर्यंत लोपीस पाहिजेत,” ते म्हणाले. “ते गेले तर स्टॉक कोण दाखवणार? तुमचे दोस्त आहेत. यू हँडल हिम. आणि शिरीष, तुमचं नाव मी नव्या लोकांना सुचवलंय.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोनस दिल्यासारखं टाकलं. माझा मुलगा तेव्हा बारावीत होता. मेधाची आई आमच्याकडे यायची होती. मी कारणं सांगत नाही, कारणं प्रत्येकाकडे असतात. इनासभाऊंकडेही होती. वसईला त्यांच्या घरावर वरचा मजला चढवायचा होता, कॅनडातल्या मुलाने परत यावं म्हणून. खांब उभे राहिले होते, स्लॅब बाकी होती. साठीपर्यंतची वर्षं इथे काढली की स्लॅब पडेल, असं ते म्हणायचे. मला ते माहीत होतं. मी केबिनमधून बाहेर येताना “येस सर” म्हणालो.

जूनभर मी त्यांच्या शेजारी बसून वायर कानात घालून घेतली. इतक्या वर्षांत इतकं लक्ष देऊन मी मॅच कधी ऐकल्या नव्हत्या. ऐकत असलं की बोलावं लागत नाही.

जुलैतली एक सकाळ. बस लेबर कॅम्पपाशी उभी होती, माणसं चढत होती. मॅच ऐन रंगात होती, आमचे तीन खेळाडू तिन्ही बेसवर उभे, आणि बॅटिंगला आमचा सगळ्यात बरा माणूस. अशा वेळी इनासभाऊंच्या अंगावर छत कोसळलं तरी ते हलणार नाहीत. त्यांनी स्वतःच्या कानातली वायर काढली. मग हात लांब करून माझ्या कानातलीही काढली. फोन खिशात ठेवला. इतक्या वर्षांत मॅच चालू असताना त्यांनी असं केलेलं मी पाहिलं नव्हतं.

“शिरीष, एक विचारतो. मुसफ्फाहमधून विन्सेंटचा फोन आला होता.” विन्सेंट म्हणजे त्यांचा वसईचा मित्र, तिकडे अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत राहायचा. “त्याच्या कंपनीत स्टोअर इन-चार्जची जागा आहे. त्याच्या मालकाला मी चालतो, वयाचं तो बघून घेईल म्हणतोय. रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. फिलू म्हणते जा.”

“मग?”

“मग काय. चहाचा माणूस गेला. फोर्कलिफ्ट गेल्या. एसी असा. तू ऑफिसात असतोस. मला विकणार आहेत का?”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. समोरच्या सीटच्या कापडावर कोणीतरी पेनने फूल काढलं होतं, ते बघत होतो. मी ‘मला माहीत नाही’ म्हणू शकलो असतो. तेही खोटंच ठरलं असतं, पण त्यांच्यासारख्या माणसाला तेवढंही पुरलं असतं. एचआरचा माणूस ‘माहीत नाही’ म्हणतो म्हणजे काय, ते त्यांना संडासांच्या फोटोंवरून कळायचं तसं कळलं असतं. म्हणूनच मी तसं म्हणालो नाही.

मी म्हणालो, “छे भाऊ. धाकटे साहेब नवे आहेत, खर्च कमी करतायत एवढंच. रीबिल्डिंग आहे. आणि तुम्हाला सांगतो, टीम तुमच्याभोवतीच बांधतायत.”

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. “रीबिल्डिंग? तू पण?”

“तुमच्याकडूनच शिकलो.”

ते हसले. मोठ्याने, खांदे हलवत. पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे बघितलं. हसू ओसरल्यावर म्हणाले, “मी पण काय, अमेरिकेतल्या मालकावरून इथला ओळखायला निघालो. तू सांगतोस तर झालं.” फोन काढला, वायर कानात घातली, एक मला दिली. तोवर इनिंग संपली होती. तिघेही बेसवर तसेच राहिले होते, एकही रन नाही.

“बघ,” ते म्हणाले. “कान काढला की असं होतं.”

त्याच बसमधून त्यांनी विन्सेंटला फोन लावला. रविवारची वाटही बघितली नाही. “नको रे, मी आहे तिथे बरा आहे. मी टीम बदलणाऱ्यातला माणूस नाही.” मी शेजारी बसून ऐकलं.

महिनाअखेरीची ती तारीख आली नि गेली. टीममधलं आणखी कोणी त्या वर्षी विकलं गेलं नाही, आणि इनासभाऊ एकदम मोकळे झाले. जणू ती तारीख जबल अलीलाही लागू होती. ऑगस्टमधली तपासणी त्यांनी इतकी चोख पार पाडली की नव्या लोकांनी त्यांच्याशी हात मिळवला. त्या दिवशी बसमध्ये ते मला म्हणाले, “पाहुणे बरे वाटले.” मी हो म्हणालो.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांना काढल्याचं पत्र द्यायचं काम माझ्याकडेच आलं. मी त्यांना मीटिंग रूममध्ये बोलावलं. त्यांच्या गळ्यात वायर लोंबत होती; सीझनचे शेवटचे दोन-तीन सामने उरले होते. त्यांनी पत्र वाचलं, परत वाचलं, चष्मा पुसला. मी व्हिसा, ग्रॅच्युइटी, तिकीट असं काहीबाही एका लयीत बोलत होतो. त्यांनी हात वर केला, मी थांबलो.

“सीझन तरी संपू द्यायचा होता,” ते म्हणाले.

मग माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा कसा होता मला माहीत नाही. त्यांना दया आली असावी. म्हणाले, “तुला पण आज सकाळीच सांगितलं असेल ना त्यांनी?”

माझ्यासमोर दार उघडून धरल्यासारखं त्यांनी ते विचारलं. मी त्या दारातून गेलो.

“हो भाऊ,” मी म्हणालो. “आज सकाळीच.”

“असेच असतात. मॅनेजरलाही शेवटी सांगतात.” त्यांनी पत्राची घडी घातली. “तू मनाला लावून घेऊ नकोस.”

विन्सेंटकडची जागा केव्हाच भरली होती. त्यांनी दीड-दोन महिने खटपट केली. वय ऐकलं की लोक फोनवर नम्र व्हायचे. मग दोघं गेली. मी गाडीने विमानतळावर सोडायला गेलो. मागच्या सीटवर माझा मुलगा होता. तो मला म्हणाला, “बाबा, व्हाय आर दे लीव्हिंग? ही सेड टिल सिक्स्टी.” इनासभाऊ पुढे बसले होते. मी काही म्हणायच्या आत तेच वळून म्हणाले, “ट्रेड झालो बेटा.” मुलगा हसला, मीही हसलो. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

मला नव्या कंपनीने ठेवून घेतलं. बसचा एसी दुरुस्त झाला. तिसऱ्या सीटवर आता एक केरळी मुलगी बसते, तिच्या कानात वायर नसलेले इअरफोन असतात, त्यामुळे शेजारच्याला काही ऐकू येत नाही. सुरुवातीला इनासभाऊंचा रोज सकाळी मेसेज यायचा: काल हरलो, आज हरलो, मालकाने परत एकाला विकलं. मी अंगठा पाठवायचो. मग रोजचे मेसेज आठवड्याचे झाले. त्यांनी कधी मला दोष दिला नाही. एकदा दिला असता तर बरं झालं असतं, असं मी कितीदा मनात म्हटलंय. पण तेही माझ्या सोयीचंच आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आईकडे डोंबिवलीला गेलो होतो. मेधाने खजुराचा डबा दिला होता, लोपीसांकडे पोचवाच म्हणाली. मनाचा निश्चय करून वसईला निघालो. रिक्षात वाक्य तयार केलं होतं, दोनदा पुटपुटलो होतो.

घर रस्त्यापासून आत, पुढे केळी, बाजूला विहीर. वरच्या मजल्याचे खांब तसेच उभे होते, वर लोखंडी सळया, गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उपड्या घातलेल्या. इनासभाऊ ओट्यावर बसले होते. बारीक झाले होते. डोक्यावर तीच टोपी, मांडीवर फोन, मॅच चालू. वसईत ती सकाळी साडेसातला सुरू होते, न्याहारीच्या वेळी. मला बघून उठले, मिठी मारली, आणि पहिलं वाक्य काय बोलले तर, “आठवी इनिंग आहे, बस.”

मग त्यांनी माझी नजर वर गेलेली पाहिली. सळयांकडे बोट दाखवून म्हणाले, “ही माझी रीबिल्डिंग.”

मी हसलो नाही. त्यांना ते कळलं. म्हणाले, “अरे, मुलगा तसाही येणार नव्हता.”

वहिनींनी चहा आणला, कपाबरोबर एक बशी माझ्यापुढे ठेवली आणि उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “विन्सेंट आला होता परवा. त्याची कंपनी चांगली चाललीय म्हणे.”

“फिलू,” इनासभाऊ म्हणाले, “याचा काय दोष? याला पण त्या दिवशी सकाळीच कळलं. विचार त्याला.”

वहिनींनी विचारलं नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. इनासभाऊही बघत होते, फोनवरचा तो सावकाश बोलणारा माणूस बोलत होता, आणि माझं रिक्षात तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. मी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. प्यालो.

वहिनी म्हणाल्या, “यांना त्या खेळातलं सगळं कळतं,” आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या.

मॅच हरले. आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकली. निघताना ते मला सोडायला रस्त्यापर्यंत आले. रिक्षा मिळेपर्यंत मालकाबद्दल बोलत राहिले. टीम आता विकायला काढलीय अशी बातमी आहे, नवा मालक कसा असेल कोण जाणे, पण बल्ब तरी बदलेल. “पुढच्या वर्षी बघ,” म्हणाले. रिक्षा वळली तेव्हा मागे बघितलं, तर ते रस्त्याच्या कडेला उभे होते, टोपी काढून डोकं पुसत, आणि दुसरा हात कानाशी, वायर परत आत घालत. माझ्याकडे बघत नव्हते. मॅचनंतरचं बोलणं ऐकत होते. मॅनेजर हरण्याची कारणं सांगतो, ते त्यांना कधी चुकवायचं नसे.

इनासभाऊंना मी एक वाक्य देणं लागतो. सकाळी नाही, भाऊ, मला मे महिन्यातच माहीत होतं. ते मी इथे लिहिलं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.